एका चापात दोन गोळ्या

ताईने चाप एकदाच ओढला आणि गोळ्या सुटल्या दोन. पहिली कागदावर नऊच्या वर्तुळात लागली, दुसरी छताच्या लाकडी तुळईत घुसली. शेजारच्या पट्टीवर उभी असलेली बँकेतली कारकून बाई खालीच बसली, तिला उठवायला दोघं लागले. रेंज अधिकाऱ्याने शिट्टी फुंकली, सगळ्यांनी पिस्तुलं रिकामी करून टेबलांवर ठेवली आणि संघनिवडीची स्पर्धा साडेदहालाच बंद पडली.

पिस्तूल ताईचं. आणि ते तपासून चिठ्ठीवर शिक्का मारला होता ताईच्या सख्ख्या धाकट्या बहिणीने.

ही धाकटी म्हणजे क्लबची आर्मरर. सभासदांची पिस्तुलं उघडायची, दुरुस्त करायची, आणि स्पर्धेच्या सकाळी एकेक पिस्तूल तपासून 'योग्य' असा शिक्का द्यायचा, हे तिचं काम. सगळा क्लब तिला मिरचीबाई म्हणतो. तोंडावर म्हणत नाहीत, तेवढी अक्कल सगळ्यांना आहे. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असतो, आणि सतरा वर्षं त्या रागावरच तो क्लब सुरक्षित चालला होता, हे तिला नावं ठेवणारेसुद्धा मान्य करायचे. अध्यक्षांच्या जावयाचं पिस्तूल तिने एकदा परत पाठवलं होतं. जावई रुसला, अध्यक्षांनी दोनदा फोन केला, बाई ढिम्म हलली नाही. "माझ्या हातून न तपासलेलं पिस्तूल आजवर रेंजवर गेलेलं नाही," हे वाक्य ती इतक्या वेळा ऐकवायची, की लोक तिच्या माघारी तिच्याच आवाजात ते म्हणून दाखवत.

तर आता सेक्रेटरी तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. माणूस वाईट नाही, पण कुठलीही भानगड फाइलमध्ये घालून वरून दोरी बांधली की मिटली, असं मानणारा.

"चार वाजता समिती बसतेय," ते म्हणाले. "तोपर्यंत लेखी अहवाल द्या. आतली स्प्रिंग तुटली असेल तर तसं लिहा. स्प्रिंग काय, कोणाचीही तुटते. ताईंना पुन्हा संधी देता येईल आणि तुमच्याही शिक्क्याला धक्का लागणार नाही."

"आणि तुटली नसेल तर?"

"तर मग कोणीतरी आत हात घातलाय, म्हणजे ताई दोन वर्षं बाहेर. नाहीतर तुम्ही नीट बघितलं नाही, म्हणजे शिक्का आम्हाला परत घ्यावा लागेल." त्यांनी आवाज खाली आणला. "स्प्रिंग तुटलेलीच बरी, असं मला वाटतं."

मिरचीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस छतात गोळी गेलेली बघतो, एक बाई थरथर कापतेय ते बघतो, आणि म्हणतो स्प्रिंग तुटलेलीच बरी. "स्प्रिंग काय म्हणते ते तिला विचारून सांगते," असं बोलून तिने पिस्तूल उचललं आणि आपल्या वर्कशॉपचं दार त्यांच्या तोंडावर लावून घेतलं.

वर्कशॉप म्हणजे रेंजच्या मागची आठ बाय दहाची खोली. एक लोखंडी टेबल, त्यावर जुनं ब्लँकेट, टेबलाला लावलेला दिवा, भिंग, ब्रश, तेलाच्या कुप्या. तिथे बसली की तिला बरं वाटायचं. आज वाटलं नाही.

हे पिस्तूल तिनेच ताईला निवडून दिलं होतं, सहा वर्षांपूर्वी. ताईचं मन एका चकचकीत, आखूड पिस्तुलावर बसलं होतं. "दागिना घ्यायचाय का पिस्तूल?" म्हणून मिरचीबाईने ते दुकानदाराच्या हातात परत दिलं. मग ताईला आठ पिस्तुलं एकामागून एक धरायला लावली, रिकामी. डोळे मीट, हात वर कर, आता डोळे उघड. पुढची साइट, म्हणजे नेमाची खूण, मागच्या साइटच्या फटीत आपोआप मधोमध दिसते का? नाही? ठेव खाली. आठवं होतं ते हे, लांब स्लाइडचं, म्हणजे वरचा सरकता भाग लांब असलेलं. लांब स्लाइड म्हणजे दोन साइट एकमेकींपासून लांब, त्यामुळे नेम केसभर जरी चुकला तरी गोळी सुटायच्या आधी डोळ्याला कळतं. पुढे वजन जास्त, म्हणून तोंड कमी उडतं. दुकानदार म्हणाला, बाईंच्या मनगटाला जड होईल. मिरचीबाई म्हणाली, ही कोट शिवते, दिवसभर लोखंडी कात्री चालवते, हिच्या मनगटाची काळजी तू करू नकोस. आणि खरंच, ते पिस्तूल ताईच्या हातात असं बसलं की दोन महिन्यांत तिचे गुण वाढले.

पण लांब स्लाइडचे नखरेही असतात. मिरचीबाईने ते ताईकडून पाठ करून घेतले होते. गोळी सुटल्यावर ती जड स्लाइड मागे जाते आणि धाडकन पुढे येऊन आदळते, सगळं पिस्तूल हादरतं. म्हणून तिची मोठी स्प्रिंग गोळीच्या जोराला जुळणारीच हवी, आणि तीन हजार गोळ्या झाल्या की मुकाट्याने बदलायची. स्लाइड ज्यांच्यावर सरकते त्या पट्ट्यांना तेल लावायचं ते बोटाला ओल लागेल इतकंच. घरी जायच्या आधी नळीत ब्रश फिरवायचा, थकवा आला असला तरी. हे सगळं ताईने करायचं. मात्र गोळीच्या बुडावर आपटणारा घोडा, आणि मागे ओढलेल्या घोड्याला अडवून धरणारी ती नखाएवढी खिट्टी, या दोघांना हात लावायचा नाही. ते काम फक्त धाकटीचं.

तिने पिस्तूल उघडलं. मोठी स्प्रिंग शाबूत. चापाची स्प्रिंग शाबूत. मग तिने खिट्टी चिमट्यात धरून भिंगाखाली घेतली.

खिट्टीची कड जिथे धारदार, काटकोनात हवी तिथे ती गोल झाली होती. वेडीवाकडी कानस मारून नव्हे. आरशासारखी चमकत होती. सगळे ओरखडे एकाच दिशेने, इतके बारीक की भिंगाशिवाय दिसू नयेत. आणि वास. पिस्तुलाच्या तेलाचा नव्हे, पातळ, अगदी मंद वासाच्या तेलाचा. असं तेल आणि असा हात तिच्या ओळखीत एकाच माणसाचा होता, आणि तो माणूस गेली अठ्ठावीस वर्षं तिच्या ताईचा नवरा होता.

भावजींचं घड्याळदुरुस्तीचं दुकान क्लबपासून दोन रस्ते पलीकडे. रविवारीही ते अर्धा दिवस उघडं असतं, कारण घरी बसून करायचं काय, असा त्यांचा प्रश्न. मिरचीबाई आत शिरली तेव्हा ते डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळाच्या पोटात डोकावत होते.

"या मेव्हणीबाई," ते मान वर न करता म्हणाले. "पावलांच्या आवाजावरून कळलं, आज कोणाचं तरी काही खरं नाही."

"तुमचंच नाही." तिने रुमालातली खिट्टी काचेवर ठेवली. "हे तुम्ही केलंत?"

भावजींनी भिंगातून बघितलं आणि चक्क खूश झाले. "परवा संध्याकाळी. कसं झालंय? तीन प्रकारची पॉलिश वापरली. अगं, ते दोन तुकडे एकमेकांना असे धरून बसले होते की काय सांगू. चाप ओढताना नुसतं खरखर. आता बघ, लोण्यासारखं चालतं."

"भावजी, त्यांनी एकमेकांना धरूनच बसायचं असतं. तेच त्यांचं काम आहे."

"धरणं म्हणजे घर्षण. घर्षण म्हणजे झीज."

"घड्याळात. घड्याळात काही अडलं की तुम्ही म्हणता बिघडलं. इथे ते अडलेलं असतं म्हणून माणसं जिवंत असतात. चालवून बघितलंत का?"

"म्हणजे काय, वीस वेळा. टक टक, एकदम स्वच्छ."

"रिकामं?"

"मग काय दुकानात गोळ्या झाडू?"

एरवी ती हसली असती. आज तिने त्यांच्या काचेवर हाताचा तळवा आपटला, आणि आतली सगळी घड्याळं एकदम उडाली. "हे असं होतं. गोळी सुटली की ती लांबडी स्लाइड अशी येऊन आदळते. रिकाम्या पिस्तुलात ती जागची हलतसुद्धा नाही, मग तुम्हाला काय कळणार? त्या दणक्यात तुमची लोण्यासारखी खिट्टी सटकली. चाप न ओढता दुसरी गोळी सुटली. छतात गेली ती. शेजारची बाई जरा उंच असती, ताईचा हात जरा वाकडा असता, तर आत्ता मी इथे नसते आणि तुम्हीही इथे नसता. तीस वर्षं बारीक काम करून तुमची अक्कल इतकी बारीक झाली का, की जे येत नाही त्यात हात घालू नये एवढंही कळू नये?"

भावजींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी भिंग काढून ठेवलं.

"तुझी ताई म्हणाली, तुला विचारलंय," ते हळू आवाजात म्हणाले. "म्हणाली, धाकटीला सध्या वेळ नाही, तुम्हीच करा असं तिने सांगितलंय."

आता मात्र हद्द झाली. नवऱ्याला एक सांगायचं, बहिणीपासून दुसरं लपवायचं. आणि बहीण कोण, तर जिने लहानपणापासून ताई सांगेल ते खरं मानलं. मिरचीबाई ताईच्या घरी निघाली तेव्हा रस्त्यात दोघा ओळखीच्यांनी तिला हाक मारायचा विचार केला आणि तिचा चेहरा बघून सोडून दिला.

ताई शिवणयंत्राच्या खोलीत बसली होती. पुढ्यात कोमट पाण्याचं घमेलं, दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात. यंत्रावर एक अर्धा कोट तसाच पडला होता.

"ये चिमे," ती म्हणाली. या नावाने मिरचीबाईला हाक मारणारं आता हे एकच माणूस उरलं होतं.

"चिमे म्हणू नकोस मला. मी भावजींकडून येतेय."

"मग कळलंच सगळं."

"काय कळलं? काहीच कळलेलं नाही. माझं नाव घेऊन खोटं बोललीस तू. माझं नाव घेऊन. त्या खिट्टीला हात लावायचा नाही हे तुला मी किती वेळा सांगितलंय? एखादा मेला असता म्हणजे? जन्मभर त्याच्या घरच्यांना कोणत्या तोंडाने भेटली असतीस? चार वाजता माझा शिक्का जाणार आहे, ताई. सतरा वर्षं मी लोकांच्या शिव्या खाल्ल्या त्या शिक्क्यासाठी. कोणासाठी घालवू तो? तुझ्या हौसेसाठी?"

ताईने हात पाण्यातून बाहेर काढले. बोटांचे सांधे सुजून लाल झाले होते, उजव्या हाताची पहिली दोन बोटं पूर्ण मिटतच नव्हती. मिरचीबाई दर आठवड्याला या घरात जेवत होती आणि तिने ते बघितलं नव्हतं.

"चार महिने झाले," ताई म्हणाली. "सुई धरवत नाही, बटण लावायला शेजारणीला बोलावते. चाप ओढायला गेलं की बोट अर्ध्यावर अडकतं आणि नेम हलतो. पण उभी राहिले आणि साइट दिसली ना, की हात अजूनही हलत नाही माझा. ही शेवटची निवड होती. पुढच्या वर्षी हे हात उचलणारही नाहीत. मला एकदा संघात जायचं होतं."

"मग मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"नाही म्हणाले असते. एक किलोच्या खाली चाप हलका करता येत नाही, नियम आहे. सरळ नाही म्हणाले असते."

"म्हणून नाही सांगितलं."

"नाही म्हणण्यासाठीच तर मला तिथे बसवलंय," मिरचीबाई ओरडली. "सगळे मला मिरची म्हणतात ना, म्हणू देत. पण माझ्या टेबलावरून न बघता एकही—"

आणि ती थांबली. का थांबली ते तिला लगेच कळलं नाही. ताई तिच्याकडे बघत होती, तिच्या नजरेत भीती नव्हती, कीवही नव्हती.

"बोलून झालं तुझं? आता मी बोलते," ताई म्हणाली. "सकाळी मी रांगेत उभी होते. माझ्यापुढे अकरा जण. प्रत्येकाचं पिस्तूल तू उभं धरलंस, चापाला ते किलोचं वजन अडकवलंस आणि वर उचललंस. तो केस विंचरून आलेला पोरगा होता, त्याचा घोडा तेवढ्या वजनानेच पडला, त्याला सगळ्यांसमोर झापून परत पाठवलंस. म्हटलं, आता माझी पाळी. वजन लावणार, घोडा पडणार, चारचौघांत शोभा होणार. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं होतं. तिथल्या तिथे संपलं असतं. रात्रभर झोप नव्हती मला."

ताईने हात पुन्हा पाण्यात घातले. मिरचीबाईने दाराची चौकट धरली.

"तू पिस्तूल हातात घेतलंस, फडक्याने नुसतं पुसलंस, आणि हसलीस. म्हणालीस, ताईचं काय बघायचं. आणि मारलास शिक्का."

मिरचीबाईला आठवलं. नुसतं आठवलं नाही, सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. मागची रांग लांब होती, ताईचं पिस्तूल तिच्या स्वतःच्या हाताखालचं होतं, सहा वर्षांत त्यात कधी काही निघालं नव्हतं. शिवाय ताईच्या चापाला वजन लावायचं म्हणजे ताईवर संशय घेतल्यासारखं. तिने वजनाला हातही लावला नव्हता. पण नोंदवहीचा रकाना मोकळा ठेवायची तिला सवय नाही. त्यात तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, एक किलो, ठीक.

सकाळपासून ती सेक्रेटरींवर तापली, भावजींवर तापली, ताईवर तापली. त्या प्रत्येकाचं चुकलं होतंच, त्यातलं एक अक्षरही तिला मागे घ्यायचं नव्हतं. पण हे सगळे जिथे थांबले असते अशी एकच जागा होती, आणि त्या जागेवर बसायचा पगार ती घेत होती. तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. काहीतरी जळजळीत बोलावं म्हणून तिने तोंड उघडलं, पण ज्याला बोलायचं तो माणूस समोर बसलेला नव्हता. ती बाहेर पडली.

अहवाल तिने उभ्याउभ्याच लिहिला. खिट्टीची कड बाहेरच्या माणसाने घासली, पिस्तुलाच्या मालकिणीच्या सांगण्यावरून. त्यामुळे चाप नियमापेक्षा हलका झाला आणि स्लाइडच्या दणक्याने दुसरी गोळी सुटली. स्प्रिंग शाबूत आहेत. स्पर्धेच्या सकाळी या पिस्तुलाच्या चापाला मी वजन लावलं नाही. नोंदवहीत 'एक किलो, ठीक' असं लिहिलं आहे ते खोटं आहे. वजन लावलं असतं तर हे पिस्तूल रेंजवर गेलं नसतं.

सेक्रेटरींनी कागद वाचला, चष्मा काढला आणि पुन्हा वाचला. "शेवटची तीन वाक्यं कशाला?" ते म्हणाले. "खिट्टी घासली, मालकिणीने लपवलं, इतकं पुष्कळ झालं. तुमची फसवणूक झाली. समितीला तेवढंच पुरेसं आहे. वजनाचं कोणी विचारणारही नाही."

"फसायला मी बघितलं तर पाहिजे होतं ना," ती म्हणाली. "मी बघितलंच नाही."

"शिक्का जाईल, बाई."

"मग घ्या ना." तिने पर्समधून शिक्का काढून त्यांच्या कागदांवर आदळला. "आणि उद्या जो कोणी या खुर्चीत बसेल, त्याला सांगा की आपल्या माणसाचं पिस्तूल आधी तपास. सकाळी मला म्हणत होतात स्प्रिंग तुटलेलीच बरी. तुमच्यासारखी माणसं असतात म्हणून माझ्यासारखी लागतात, आणि माझ्यासारखीनेच असं केलं तर मग बघायचंच नको."

सेक्रेटरींनी कागद फाइलमध्ये ठेवला. दोरी मात्र बांधली नाही.

ती वर्कशॉपमध्ये आपली हत्यारं आवरायला गेली, तर खिडकीशी एक बसचालक उभा होता. बारा वर्षांपासूनचा सभासद, मितभाषी, तिच्या शब्दाबाहेर कधी न गेलेला. त्याचंही पिस्तूल लांब स्लाइडचं, तिनेच निवडून दिलेलं. तिने सांगितलं की स्प्रिंग बदल, की तो का म्हणून विचारत नसे, दुसऱ्या दिवशी स्प्रिंग घेऊन हजर.

"बाई, राग मानू नका," तो म्हणाला. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. "माझं सकाळी बघितलं होतंत ना?"

"हो."

त्याने मान डोलावली. जाईल असं तिला वाटलं, पण तो गेला नाही. त्याने पेटी उघडून रिकामं पिस्तूल तिच्यापुढे टेबलावर ठेवलं. "तरी एकदा वजन लावून दाखवता का? माझ्यासमोर."

सतरा वर्षांत हे तिला कोणी म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर त्याची काही धडगत नव्हती. तिचे कान तापले, जिभेवर चार शब्द आले, आणि चारही तिने गिळले. पिस्तूल रिकामं असल्याचं तिने बघितलं, त्यालाही दाखवलं, घोडा मागे ओढला, तोंड छताकडे करून चापाला वजन अडकवलं आणि सावकाश वर उचललं. वजन टेबलापासून सुटलं. घोडा पडला नाही.

"टिकलं," ती म्हणाली.

बसचालक खिडकीतून आत वाकला आणि लोंबकळणाऱ्या वजनावर कोरलेला आकडा त्याने जवळ जाऊन वाचला. तिने हात हलू दिला नाही, त्याचं वाचून होईपर्यंत तसाच धरून ठेवला.